अकरा नावांची यादी

१

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता संचालकांनी लोखंडी कपाटातून लिफाफा काढला, लाखेचं सील फोडलं, आणि आतून यादी निघाली ती भलतीच.

म्हणजे कागद होता. अकरा गटप्रमुखांची अकरा आडनावं होती, प्रत्येकापुढे एक आकडाही होता. पण एकही आकडा संचालकांचा नव्हता. कोणत्या गटाला नवी माणसं किती द्यायची, यावर महिनाभर टेकडीवर भांडणं चालली होती. आठवडाभर जागून संचालकांनी तो हिशेब एका कागदावर आणला होता. त्याची दुसरी प्रत नव्हती, आणि पेन्सिलीचा कच्चा कागद नियमाप्रमाणे जाळून झाला होता.

विनी टॅल्मनला हे कळलं तेव्हा सव्वादहा झाले होते. एका हातानं ती गणकयंत्राचा दांडा फिरवत होती आणि पायानं कपड्यांची टोपली झुलवत होती. टोपलीत आठ महिन्यांची नेल होती. आकडेवाल्या बायकांच्या त्या खोलीत बारा यंत्रांचा खडखडाट चाले, आणि नेलला दुसऱ्या कशानं झोप येत नसली तरी त्यानं यायची.

विनीसमोर आकड्यांचे चार रकाने होते. ते कशाचे, ते तिला माहीत नव्हतं. टेकडीवरच्या कुठल्याच कागदावर वर मथळा लिहायचा नाही, असा नियमच होता. कागद चुकून खाली दरीत गेलाच, तर वाचणाऱ्याला काही कळू नये. नवरा एलियट अकरा गटप्रमुखांपैकी एक होता, पण तो काय करतो, हेही विनीला 'नळीवाल्यांकडे आहे' एवढंच ठाऊक होतं. टेकडीवर दोन पक्ष होते, नळीवाले आणि गोळेवाले. एकच वस्तू दोघं दोन तऱ्हांनी करायला बघत होते, आणि त्या वस्तूचं नाव कोणी घेत नव्हतं.

"मिसेस टॅल्मन." दारात पहाऱ्याचे कॅप्टन ओकली उभे होते. "क्रूसिता नावाची बाई तुमच्याकडे कामाला आहे?"

"होती. या आठवड्याच्या यादीत माझ्यापुढे शून्य आलंय."

कॅप्टन एकदम ताठ झाले. "कुठल्या यादीत?"

"कामवाल्यांच्या, कॅप्टनसाहेब. दुसरी कुठली यादी बघतेय मी?"

कॅप्टनचे खांदे खाली आले. मग त्यांनी तिला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं. खरी यादी कुणीतरी चोरली होती आणि जागी खोटी ठेवली होती. काल पाचच्या भोंग्याच्या वेळी त्या कचेरीत दोनच माणसं होती, टंकलेखन करणाऱ्या मिस प्राइस आणि झाडू मारणारी क्रूसिता.

"प्राइस तीन वर्षं संचालकांकडे आहे. राहिलं कोण?"

"क्रूसिताला वाचता येत नाही हो!"

"ती म्हणते म्हणून. पण कागदाला हात लावल्याचं तिनं स्वतः कबूल केलंय. जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवले, म्हणते. मिस प्राइस म्हणतात, कागद जमिनीवर कधी पडलेच नाहीत." कॅप्टननी घड्याळ पाहिलं. "उद्या बाराच्या बसनं तिला खाली पाठवतोय. पास रद्द. तिचाच नाही, तिच्या घरातल्या चौघांचा. नवरा बॉयलरवर आहे ना? तोही."

२

त्या चार पगारांवर नदीकाठच्या क्रूसिताच्या घरात अकरा माणसं जेवत. पण विनीला टोचत होतं ते वेगळंच. मार्चमध्ये नेल आजारी पडली, दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात वर केले, तेव्हा क्रूसितानं तीन रात्री पोर स्वतःच्या शालीत, छातीशी धरून बसून काढल्या होत्या. "पोरी, तू नीज," एवढंच म्हणाली होती. आता त्या बाईला चोर म्हणून बसमध्ये बसवायचं?

विनीच्या डोक्यात मात्र भुसा भरल्यासारखं झालं होतं. गेल्या तीन रात्री नेलचा दात येत होता. विचार करायला बसावं तर एक धागा हातात येई तोवर दुसरा सुटे. चोरानं यादी नुसती पळवली असती तर समजण्यासारखं होतं. खोटी कशाला ठेवली? आणि अशी ठेवली की लिफाफा उघडताच खोटी आहे हे कळावं?

संध्याकाळी घरामागच्या दोरीवर ती नेलची दुपटी वाळत घालत होती. शेजारच्या दोरीवर डॉक्टर हॅलोरन, नळीवाल्यांचे मुख्य, दातात चिमटा धरून जुळ्यांची दुपटी घालत होते. त्यांच्या बायकोला सातवा महिना होता.

"बघ, बघ!" ते चिमट्यातूनच गुरगुरले. "ऐंशी माणसांचा प्रमुख आणि दुपटी पिळतोय. दर आठवड्याला सहा अर्धे दिवस बाई मिळायची. या आठवड्याला एक! एकच! आणि वरून त्या ओकलीनं तासभर उभं केलं. म्हणे खोटी यादी तुम्ही केली."

"तुम्ही? का?"

"कारण त्यात सगळ्यांत मोठा आकडा माझा! सहा! आणि झेलिन्काला शून्य! अगं, मी खोटी यादी करीन तर झेलिन्काला शून्य देईन का? दोन देईन. शून्य दिलं की कुणालाही कळतं हॅलोरननं दिलंय."

"मी सगळं ऐकतोय बरं का," कुंपणापलीकडून आवाज आला.

डॉक्टर झेलिन्का गोळेवाल्यांचे मुख्य. प्रागहून आलेले, सडेफटिंग, पाण्याच्या टाकीखालच्या आळीतल्या गटप्रमुखांच्या अकरा घरांपैकी शेवटच्यात एकटे राहत. हातात चहाचा पेला.

"ऐका की!" हॅलोरन ओरडले. "माझी पद्धत दोन महिन्यांत चालेल. तुमची चालेल की नाही, देवाला ठाऊक. आणि माणसं तुम्हाला हवीत!"

"चालणाऱ्या गाडीला ढकलायला माणसं लागत नाहीत, डॉक्टर. अडकलेल्या गाडीला लागतात."

"गाडी अडकली असेल तर सोडून द्यावी!"

"आणि तुमची वाटेत मोडली तर? तेव्हा मी एकटा चालत जाऊ?"

हे भांडण महिनाभर याच वाक्यावर येऊन थांबत होतं. विनीनं पुढचं दुपटं झटकलं. "डॉक्टर हॅलोरन, खोट्या यादीत आमच्या एलियटपुढे काय होतं?"

"दोन. मला काय सगळं पाठ आहे? दोनच. एवढं आठवतंय, कारण मी म्हटलं, टॅल्मनला दोन माणसं काय लोणचं घालायला?"

३

"मिसेस टॅल्मन, जरा या," झेलिन्कांनी हळूच बोलावलं. "माझ्याकडे त्या बाईंच्या वस्तू राहिल्यात."

त्यांच्या व्हरांड्यात क्रूसिताची काळी शाल घडी करून ठेवली होती. वर कापडात गुंडाळलेली गोल भाकरी, अंगणातल्या मातीच्या भट्टीत भाजलेली.

"क्रूसिता तुमच्याकडे होती?"

"सकाळी तिघीजणी आल्या. मला म्हणाल्या, या आठवड्याला तुम्हाला नऊ अर्धे दिवस." झेलिन्कांनी चष्मा पुसला. "माझ्या घरात एक पलंग आणि एक चहाची किटली आहे. सव्वाआठला सगळं झाडून झालं. मग त्या व्हरांड्यात बसल्या. मला वाटलं, ही अमेरिकन पद्धत असेल, मोठ्या माणसाकडे बायका नुसत्या बसवून ठेवायची. मी चहा केला. नंतर शिपाई आले आणि तिला घेऊन गेले. जाता जाता तिनं शाल काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, ही त्या लहान बाळाच्या घरी द्या, उन्हं उतरली की त्याला लागते."

विनीनं शाल नाकाशी धरली. लाकडाच्या धुराचा वास. रडू येईल असं वाटलं, पण नेल आधीच रडत होती, आणि घरात एका वेळी एकीनंच रडायचं असा तिनं नियम केला होता.

रात्री एलियट जेवायला आला तेव्हा बटाटे अजून कच्चेच होते. एवढ्या उंचीवर बटाटा शिजायला दोन तास लागत. एलियट चूल फुंकत होता.

"अरे, हे काय? डब्यांवरची लेबलं कुठं गेली?"

"चूल पेटत नव्हती. कोरडा कागद तेवढाच होता घरात."

"एकात नेलचं दूध आहे, एकात कपड्यांची खळ!"

"मग? दोन्ही पांढरंच तर आहे," एलियट हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "विनी, त्या यादीकडे माझे डोळे लागलेत गं. चार माणसं मागितलीत. दोन वर्षांचं काम आहे ते."

४

शनिवारी सकाळी साडेसातला विनी नेलला कडेवर घेऊन संचालकांच्या कचेरीत गेली. मिस प्राइस कागदांच्या कडा जुळवत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, नेहमी इस्त्रीची कॉलर. कचेरी सुटल्यावर ज्याचा कागद बाहेर राहिलेला सापडे, त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्या खोल्यांची कुलपं तपासत फिरायचं, अशी टेकडीवर शिक्षा होती. नामांकित प्राध्यापक किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत फिरले होते. मिस प्राइस कधीच नाही. हे त्या स्वतः प्रत्येकाला सांगत.

"मी कॅप्टनना सांगितलंय ते सांगितलंय," त्या म्हणाल्या. "यादी टाइप केली, लिफाफ्यात घातली, भोंगा झाला, सील केली."

"मध्ये उठलात का?"

"नाही."

टेबलाच्या डाव्या हाताला विजेचा पंखा होता. नेलनं हात लांब केला आणि बटण दाबलं. पंखा भर्रकन फिरला, चार कागद उडाले, विनीनं झेप घेऊन दोन धरले. मिस प्राइसचा चेहरा त्या कॉलरसारखा पांढरा झाला.

"बंद करा तो!"

"परवाही हेच झालं होतं?" विनीनं कागद परत देताना विचारलं. तिची नजर अक्षरांवर गेली. प्रत्येक 'आर'चा उजवा पाय मोडका.

"खोटी यादीही याच यंत्रावर टाइप केलेली आहे, असं ओकली म्हणतात. मला तो कागद दाखवतही नाहीत, नुसतं अडकवायला बघतायत. पण मी ती केलेली नाही. शपथेवर सांगते! खोटी यादी मी कशाला करीन?" मिस प्राइसच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

विनी बाहेर आली ती जास्तच गोंधळून. 'उठले नाही' हे बाई खोटं बोलत होती, हे नक्की. यादीबद्दल खरं बोलत होती, हेही नक्की. मग मोडक्या पायाचा 'आर' त्या कागदावर आला कुठून? आठ वाजायला आले होते. हातात चार तास होते.

५

घरी येऊन तिनं बाटलीसाठी पाणी गरम केलं. डबा उघडला, तीन चमचे पांढरी पूड घातली, हलवली. नेल टोपलीत बसून ओरडत होती. बाटली तिच्या तोंडाशी नेली आणि विनीचा हात थबकला. पूड विरघळत नव्हती. गोळे होत होते.

खळ होती ती.

तिनं बाटली मोरीत ओतली. दोन डबे, सारख्याच आकाराचे, वर काही लिहिलेलं नाही. तिनं नेलला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. वर काही लिहिलेलं नाही... "दोन्ही पांढरंच तर आहे."

हॅलोरन, सहा. टॅल्मन, दोन. झेलिन्का, शून्य.

हे आकडे आपण पाहिलेत. कुठं? आकड्यांची तिला कधी भूल पडत नसे. दर आठवड्याला पाहिलेत. जुळी मुलं आणि गरोदर बायको, सहा. नोकरी करणारी, तान्ह्या मुलीची आई, दोन. सडेफटिंग, शून्य.

आणि झेलिन्कांच्या नावावर लागलेले ते नऊ अर्धे दिवस?

"नेल," ती पोरीच्या कानात म्हणाली, "तुझी आई मूर्ख आहे गं. दोन दिवस ती त्या कागदासमोर उभी राहून भांडतेय."

दुसऱ्या डब्यातलं दूध करून तिनं नेलला पाजलं. चोर राहू दे बसलेला. आधी दूध. मग शाल खांद्यावर टाकून, नेलला कडेवर घेऊन ती धावत सुटली.

६

घरवाटप कचेरीबाहेरच्या फलकाशी शनिवारीही गर्दी होती. धुलाईच्या वेळा, हरवलेलं मांजर, आणि मधोमध चार टाचण्यांनी लावलेली कामवाल्यांची यादी. तिच्यासमोर बायकांचा कलकलाट. कचेरीच्या मिसेस हार्गिस दाढदुखीनं गुरुवारपासून खाली शहरात होत्या, त्यामुळे भांडायलाही कोणी नव्हतं.

विनीनं नाक कागदाला लावलं. प्रत्येक 'आर'चा पाय मोडका होता.

दोन तास टेकडीभर धावून तिनं तिथं चौघांना उभं केलं होतं. कॅप्टन ओकली वैतागलेले, हॅलोरन, झेलिन्का, आणि मिस प्राइस. बाकीच्या बायकांना कॅप्टननी लांब पिटाळलं.

"मिसेस टॅल्मन, अकरा वाजलेत. मला बस भरायची आहे."

"तुमच्या खिशातली खोटी यादी काढा, कॅप्टनसाहेब. मी न बघता वाचते. हॅलोरन सहा, टॅल्मन दोन, झेलिन्का शून्य. आणि लिंडग्रेन पाच? त्यांच्या बायकोचा पाय मोडलाय. ऑस्टर एक? त्यांची सासू आलीय."

कॅप्टननी खिशातला कागद उघडला. वाचता वाचता त्यांची भुवई वर चढत गेली. "तुम्हाला कसं..."

"ती खोटी नाहीच मुळी. ती कामवाल्यांची यादी आहे. मिसेस हार्गिसचं टाइप यंत्र दुरुस्तीला गेलंय. त्यांनी आपला कच्चा कागद कुणाला तरी टाइप करायला दिला. टेकडीवर कुणाचा शब्द मोडणार नाही अशी एकच बाई आहे." विनीनं मिस प्राइसकडे पाहिलं नाही. "एकाच टेबलावर दोन याद्या. दोन्हीत आळीतली तीच अकरा नावं, पुढे आकडे, आणि वर मथळा नाही. नियमच आहे ना? पंखा होता. टेबलाशी कोणी नव्हतं. कागद उडाले. वाचता न येणाऱ्या बाईनं ते उचलून ठेवले, एक या ढिगावर, एक त्या. वाचता येणाऱ्याचंही तेच झालं असतं. भोंगा वाजत होता, म्हणून कुणी पुन्हा पाहिलं नाही. एक लिफाफ्यात गेला. दुसरा घरवाटपाच्या पेटीत."

"मग खरी यादी..." कॅप्टन म्हणाले.

विनीनं फक्त बोट केलं.

धुलाईच्या वेळा आणि हरवलेलं मांजर यांच्यामध्ये, चार टाचण्यांवर, टेकडीवरचा सगळ्यांत गुप्त कागद कालपासून उन्हात लटकत होता. आळीतल्या प्रत्येक बाईनं तो वाचला होता. काहींनी त्यावर बोटं आपटून शिव्याही दिल्या होत्या.

"अरे देवा," कॅप्टन पुटपुटले.

झेलिन्का मोठ्यानं हसले. "म्हणून मला नऊ अर्धे दिवस बायका!"

"पण हे सगळं तुमचं अनुमान," कॅप्टन सावरले. "मिस प्राइस तर म्हणतात त्या उठल्याच नाहीत. त्या उठल्या नसतील, तर कागद त्या बाईनं जाणूनबुजून बदलले."

सगळे मिस प्राइसकडे बघू लागले. त्या इस्त्रीच्या कॉलरशी चाळा करत होत्या. विनी त्यांच्याजवळ गेली.

"मिस प्राइस, बारा वाजता चार माणसं बसमध्ये बसतील. मी तुम्हाला दुसरं काही सांगत नाही."

नेल शालीचा गोंडा चोखत होती.

"फोन वाजला," मिस प्राइस अखेर म्हणाल्या. "आतल्या खोलीत. वॉशिंग्टनचा होता, मी उठले. दोनच मिनिटं. आले तेव्हा ती बाई वाकून कागद गोळा करत होती. माझ्याकडे बघून हसली. मदत केली म्हणून." त्यांनी कॉलर सोडली. "खरंच वाटलं मला, तिनंच बदलले असतील. मग वाटलं, नसतील. पण तोवर मी 'नाही' म्हणून बसले होते. तीन वर्षांत एकदाही माझा कागद बाहेर राहिला नव्हता हो."

कॅप्टननी टोपी काढून घाम पुसला. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांच्या हातात ठेवला. "आज संध्याकाळी पाचला. सगळ्या खोल्या. बाकीचं संचालक बघतील."

त्यांनी टाचण्या उपटायला हात घातला, पण हॅलोरन कागदासमोरच उभे होते. त्यांचा तांबडा चेहरा राखेसारखा झाला होता.

"एक," ते म्हणाले. "मला एकच माणूस." मग सावकाश, "आणि त्याला नऊ. म्हणजे ठरलं. माझी गाडी मोडली."

झेलिन्कांचं हसू मावळलं. त्यांनी हॅलोरनच्या दंडाला नुसता हात लावला.

विनीची नजर आपोआप खाली सरकली. टॅल्मन. शून्य. दोन दिवस ती या शून्यावर चिडत होती, दुपटी आपटत होती. ते शून्य तिचं नव्हतंच, एलियटचं होतं.

"कुणीही काहीही वाचलेलं नाही," कॅप्टन घडी करत म्हणाले. "बायकोनं नवऱ्याला नाही, नवऱ्यानं बायकोला नाही. समजलं, मिसेस टॅल्मन?"

७

बस फाटकाशी उभी होती, इंजिन सुरू. क्रूसिता मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती, शेजारी नवरा आणि दोन्ही सुना. कॅप्टननी स्वतः चढून चार पास परत दिले. मग सलाम ठोकला.

क्रूसिता खाली उतरली. विनीनं शाल पुढे केली, तर तिनं आधी नेलला घेतलं आणि शाल नेललाच गुंडाळली.

"तू झोपली नाहीस, पोरी."

"तुम्ही त्यांना ओरडून का नाही सांगितलं? काही केलं नाही म्हणून?"

"सांगितलं. एकदा." क्रूसितानं नेलच्या हिरडीवरून बोट फिरवलं. "दुसऱ्यांदा सांगितलं की लोकांना खोटं वाटतं." मग म्हणाली, "दात आला बघ. सोमवारी मी कुठं यायचं? यादीत तुझ्यापुढे शून्य आहे म्हणतात."

"ती यादी आमची नव्हे," विनी म्हणाली. "सोमवारी माझ्याकडेच या."

एलियट दुपारी घरी आला तो शीळ घालत. हात धुता धुता म्हणाला, "संचालकांनी चारला बोलावलंय. यादी सापडली म्हणे. चार नाही तर तीन तरी देतील, नाही गं?"

विनीनं पाठ फिरवून कापडातली गोल भाकरी काढली. एक दिवसाची शिळी होती, पण अजून मऊ. तिनं सगळ्यांत जाड तुकडा कापला, वर घरात होतं नव्हतं तेवढं सगळं लोणी लावलं, आणि त्याच्यापुढे ठेवला.

"आधी खाऊन घे," ती म्हणाली, आणि तो खाईपर्यंत त्याच्या केसांवरून हात फिरवत उभी राहिली.

"आज एवढे लाड?" एलियट तोंड भरून हसला.

बाहेर दोरीवरची दुपटी केव्हाच वाळली होती. त्याला सोडून ती आणायला जावंसं तिला वाटेना.